तांबड्या रक्तपेशींचे विकृत आकार

निरोगी तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध दबलेली चकती. तिचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन आणि आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. रंगवलेल्या स्लाइडवर तिचा मधला फिकट भाग व्यासाच्या साधारण एक तृतीयांश भरतो. दबलेल्या आकारामुळेच ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून मुडपून पार होते. पेशीचे आवरण, आतले हिमोग्लोबिन किंवा ती जिथे तयार होते ती अस्थिमज्जा यांत बिघाड झाला, किंवा वाहिनीतून जाताना पेशी फाटली, की आकार बदलतो. या बदलाला पॉयकिलोसायटोसिस म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही, आजाराची खूण आहे. अहवालात नुसते ‘पॉयकिलोसायटोसिस अधिक’ लिहून उपचार करणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणता आकार आणि किती प्रमाणात, हे लिहिले तरच अहवाल कामाचा.

आकाराचा अर्थ लावण्याआधी तो रक्तातला आहे की स्लाइडवर तयार झालेला, हे ठरवावे लागते. मराठवाड्यात हा प्रश्न रोजचा आहे, कारण तालुक्याच्या गावी सकाळी घेतलेले रक्त पुष्कळदा दुपारी जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोहोचते. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीतल्या रक्ताची स्लाइड शक्यतो दोन तासांत आणि फार तर चार तासांत करावी. त्यानंतर पेशींच्या कडेला सारखे, आखूड काटे येतात आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात दिसणाऱ्या बर पेशींसारखे चित्र उभे राहते. उष्णता याहून वाईट. ४९ अंशांच्या पुढे पेशीचे आवरण वितळू लागते, तिचे तुकडे आणि गोळे होतात. मे महिन्यात बंद गाडीत उन्हात राहिलेला डबा एवढा सहज तापतो. म्हणून रक्त घेतले तिथेच दोन स्लाइड ओढून, वाळवून नळीसोबत पाठवणे उत्तम.

स्लाइड ओढताना दुसरी काच ३० ते ४५ अंशांत धरावी. लिशमन रंग (रक्तपेशी रंगवण्याचे द्रावण) दोन मिनिटे ठेवून त्यावर दुप्पट बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे पाणी (पीएच ६.८), घालावा आणि सात ते दहा मिनिटांनी धुवावे. बफरऐवजी बोअरचे जड पाणी वापरले तर पेशी निळसर-करड्या दिसतात आणि मधला फिकटपणा नीट कळत नाही. पावसाळ्यात उघड्या बाटलीतले मिथेनॉल ओलावा धरते. मग पेशींच्या मधोमध कातरल्यासारखी, काचेगत चमकणारी भोके पडतात. नवखा माणूस त्यालाच हिमोग्लोबिन कमी असल्याची खूण समजतो. अश्रूच्या थेंबासारख्या पेशींच्या शेपट्या सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या असतील तर तो काच ओढण्याचा दोष. शेपट्या वाटेल तिकडे असतील तर अस्थिमज्जा तंतूंनी किंवा कर्करोगाने व्यापल्याची शंका घ्यावी.

सर्वांत जास्त दिसते ते लोहाच्या कमतरतेचे चित्र: लहान, फिकट पेशी आणि मधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट पेशी. पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी शेतकामातून होणारे अंकुशकृमी ही नेहमीची कारणे. भाकरी-डाळीतले लोह मुळात कमी शोषले जाते, जेवणावर चहा घेतला की आणखी कमी. लिंबू पिळल्याने वाढते. थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहकातही पेशी लहान असतात, पण त्यांची संख्या भरपूर आणि त्यांत लक्ष्य पेशी, म्हणजे मधोमध रंगाचा ठिपका असलेल्या पेशी, दिसतात. एमसीव्हीला, म्हणजे पेशीच्या सरासरी आकारमानाला, तांबड्या पेशींच्या (दशलक्षांतील) संख्येने भागून उत्तर १३ च्या आत आले तर थॅलेसेमियाच्या शंकेने हिमोग्लोबिन ए-टू (वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) तपासावे. लोह कमी असताना ए-टू खोटेच कमी येऊ शकते.

माळकरी घरांत, विशेषतः दूध डेअरीला घालून चहापुरतेच ठेवले जाते तिथे, बी-१२ ची कमतरता आढळते. पेशी मोठ्या, अंडाकृती होतात आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाकळ्या दिसतात. अशा रुग्णाला नुसते फॉलिक ॲसिड देऊ नये. हिमोग्लोबिन वाढते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

शिरस्त्राणासारखे किंवा त्रिकोणी तुकडे दिसले तर तातडी समजावी. वाहिन्यांत बारीक गुठळ्या झाल्या की पेशी त्यांवर कापल्या जातात. घोणस चावल्यावर हे घडू शकते. चावा उन्हाळी रानातला असो की पेरणीतला, कोऱ्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून गोठते का पाहावे. न गोठल्यास प्रतिविष लागते. पुढच्या दिवसांत प्लेटलेट घटल्या, लघवी कमी झाली आणि स्लाइडवर तुकडे वाढले तर मूत्रपिंड धोक्यात आहे.

मधला फिकटपणा नसलेले गोळे आनुवंशिक स्फेरोसायटोसिसमध्ये (पेशी जन्मतःच गोल होण्याचा आजार) किंवा शरीर स्वतःच्याच पेशी मारते तेव्हा दिसतात. पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी कूम्ब्स चाचणी दोन्हींतला फरक सांगते. चावा घेतल्यासारख्या पेशी जी-सिक्स-पीडी (पेशीचे रक्षण करणारे विकर) कमी असलेल्यांत, उदाहरणार्थ प्रायमाक्वीन या हिवतापाच्या औषधानंतर आढळतात.

विळ्याच्या आकाराच्या (सिकल) पेशी नांदेडच्या किनवट-माहूर भागातल्या आदिवासी वस्त्यांत महत्त्वाच्या ठरतात. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी त्यांचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात आणि पेशी ताठरते. वाहकाच्या, म्हणजे ‘एएस’ माणसाच्या, साध्या स्लाइडवर मात्र विळे बहुधा दिसत नाहीत. स्लाइड चांगली म्हणून वाहक नाही, असे कधीही सांगू नये. सिकल हिमोग्लोबिन विरघळते का हे पाहणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झाले तर ‘एएस’ की ‘एसएस’ (आजार असलेला) हे एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, ठरवतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणी फसते. तिथे थेट एचपीएलसीच करावी.