सागरी कयाक : उलटल्यावर स्वतः परत चढणे

समुद्रात कयाक (दोन्हीकडे पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) उलटून पाण्यात पडलेल्या वल्हेकऱ्याने कुणाच्याही मदतीविना पुन्हा तिच्यात बसण्याच्या पद्धती. बेळगाव-खानापूरकडच्या माणसाची कयाकशी ओळख होते ती बहुधा काळी नदीवर, गणेशगुडी-दांडेलीला. तिथे उलटलेला माणूस पोहत काठ गाठतो. हीच काळी कारवारला समुद्राला मिळते आणि तिथून पुढे काठ जवळ नसतो. नदीतली सवय तिथे कामाची नाही.

सर्वांत चांगले म्हणजे कयाकबाहेर न पडणेच. वल्हे पाण्यावर दाबून, कमरेला झटका देऊन बसल्या जागी कयाक सरळ करतात, त्याला रोल म्हणतात. मुळात ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची विद्या. ऑस्ट्रियाचे पावलाटा यांनी १९२७ मध्ये ती आत्मसात केली.

रोल फसला, तर स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बांधून बैठकीचे तोंड झाकणाऱ्या कापडाची) पुढची दोरी ओढून बाहेर यावे. कयाक आणि वल्हे मात्र सोडू नये. वाऱ्यावर रिकामी कयाक अशी सुटते की पट्टीचा पोहणाराही मागे पडतो.

नवख्याने पॅडल फ्लोटची पद्धत आधी शिकावी. कयाक सुलटी करून वल्ह्याच्या एका पात्यावर हवेचा फुगा चढवतात आणि दुसरे टोक बैठकीच्या मागे आडवे, घट्ट धरतात. विहिरीत पोहायला शिकताना पाठीवरचा डबा जो आधार देतो, तोच इथे फुगा देतो. वल्ह्याच्या दांड्यावर पाय अडकवून, शेपटाकडे तोंड करून पालथे चढायचे, पाय आत सारायचे आणि भार फुग्याच्या बाजूला ठेवूनच सरळ वळायचे. घाईत भार उलट बाजूला गेला, की पुन्हा पाण्यात! पंपाने पाणी उपसून स्कर्ट लावला, की फुगा शेवटी काढतात.

मागून चढून, घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही पाय पाण्यात सोडत पुढे सरकण्याची 'काउबॉय' पद्धत झटपट होते, पण तोल पक्का हवा. उलट्या कयाकमध्ये पाण्याखालीच शिरून रोल करणे हे रोल येणाऱ्यांसाठीच.

पुढे-मागे बंद कप्पे असल्याने सागरी कयाकमध्ये फक्त मधल्या भागात पाणी भरते. उघड्या बैठकीच्या कयाकला हा व्याप नाही. ती सुलटी करून आडवे चढले, की झाले.

कारवारचे पाणी कोमट, त्यामुळे थंड देशांतली गारठ्याची भीती इथे फारशी नाही. धास्ती असते दमणुकीची आणि पहाटेच्या मतलई वाऱ्याची, कारण तो किनाऱ्यापासून बाहेर ढकलतो.