संगनमत आणि कानाडोळा: दोन बदनाम बायका, दोन खटले

किंग्स्टनच्या डचेसचा खटला. पुराव्याचा कायदा शिकलेल्या माणसाच्या कानावरून हे नाव कधी ना कधी गेलेलं असतं. ही डचेस (म्हणजे ड्यूक या बड्या उमरावाची बायको) कोण, असं पुढे विचारलं की मात्र गडबड होते. ‘तीच ना, जिच्या नवऱ्यानं तिच्या याराकडे वीस हजार पौंड मागितले आणि एक शिलिंग घेऊन घरी गेला?’ नाही, ती दुसरी. ती लेडी वर्स्ली.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही खटले तिसऱ्या जॉर्जच्या काळातल्या लंडनचे, १७७६ आणि १७८२ चे. दोन्ही बघायला आणि वाचायला गावभर झुंबड. दोन्हींत नवऱ्याचे हात बरबटलेले. पण एकीच्या नवऱ्यानं संगनमत केलं होतं आणि दुसरीच्या नवऱ्यानं कानाडोळा. बोलताना आपण दोन्हींना सरसकट ‘आतून मिळालेला होता’ म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम २३ मध्येही या दोन अटी वेगवेगळ्या आहेत: ज्या व्यभिचाराची तक्रार, त्याला अर्जदाराची मूक संमती नसावी, आणि अर्ज दोघांनी मिळून रचलेला नसावा. कानाडोळा घरात होतो, भानगड चालू असताना. संगनमत होतं ते कोर्टासाठी. पहिल्यात कुणी कुणाला फसवत नाही. दुसऱ्यात न्यायाधीश फसतो. (तिसरी गोष्ट म्हणजे घडून गेल्यावर माफ करणं. तीही त्याच कलमात आहे, पण इथे तिचं काम नाही.)

आता एलिझाबेथ चडली. जन्म १७२१ चा, घराणं बरं, पैसा बेताचा, रूप मात्र असं की ती युवराज्ञी ऑगस्टा यांच्या दरबारी सखींमध्ये दाखल झाली. ही नोकरी अविवाहित मुलींची. त्यामुळे ऑगस्टस हर्वी या कफल्लक नौदल अधिकाऱ्याशी तिनं १७४४ च्या ऑगस्टमध्ये लग्न केलं ते चोरून, हॅम्पशरमधल्या लेनस्टनच्या छोट्या चॅपलमध्ये, रात्री. उजेड कशाचा, तर हजर असलेल्या एका गृहस्थाच्या टोपीत खोचलेल्या मेणबत्तीचा. नवरा लवकरच जहाजावर गेला, एक मूल झालं, ते तान्हेपणीच गेलं, आणि दोघांनी हे लग्न जणू झालंच नाही असं ठरवून टाकलं. १७४९ मध्ये एका मुखवट्यांच्या नाचाला ती ग्रीक पुराणकथेतली इफिजिनिया बनून इतक्या झिरझिरीत कपड्यांत गेली की त्या पोशाखाची चित्रं पुढे कित्येक वर्षं विकली गेली. नाव झालं ते असं.

ही बाई व्यवहारात किती पक्की होती ते १७५९ मध्ये दिसतं. हर्वीचा थोरला भाऊ, ब्रिस्टलचा अर्ल (हीही उमरावाचीच पदवी), आजारी पडला. तो गेला तर हर्वी अर्ल होणार आणि ती काउंटेस. ती तडक ते लग्न लावणाऱ्या म्हाताऱ्या, मरणाला टेकलेल्या पाद्र्याकडे गेली आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद वहीत करून घेतली. अर्ल बरा झाला! नोंद मात्र वहीत राहिली.

पुढे किंग्स्टनच्या ड्यूकशी तिचे संबंध जुळले. ड्यूक श्रीमंत, बिनलग्नाचा आणि तिच्यावर लट्टू. हर्वीलाही मोकळं व्हायचं होतं. सरळ घटस्फोट घ्यायचा तर खास त्या जोडप्यासाठी संसदेत कायदा करून घ्यावा लागे, आणि तिच्या व्यभिचाराची जाहीर चिरफाड होई. मग एक आडवाट सापडली. त्या काळी चर्चच्या कोर्टात एक गमतीशीर दावा लावता येई: ‘हा माणूस आपण माझा नवरा असल्याच्या बढाया मारतो, त्याला गप्प करा.’ चडलीनं तो लावला. हर्वीनं लग्न झालं होतं असं म्हटलं, पण सिद्ध करायला फारसे हातपाय हलवले नाहीत. फेब्रुवारी १७६९ मध्ये कोर्टानं तिला अविवाहित ठरवलं आणि ८ मार्चला ती डचेस झाली.

याला म्हणतात संगनमत. वादी आणि प्रतिवादी दोघांना एकच निकाल हवा होता, अंधारात होतं फक्त कोर्ट.

१७७३ मध्ये ड्यूक वारला. मृत्युपत्रात सगळं तिला, आणि थोरला भाचा एव्हलिन मेडोज कोरडाच. इंग्रजी समाजाला तिच्या नीतीची काळजी वाटू लागली ती नेमकी इथून, आणि माझ्या मते ही काळजी भाच्याच्या खिशातून सुरू झाली होती. ड्यूक जिवंत असताना वीस वर्षं ही माणसं तिच्याकडे जेवायला जात होतीच. भाच्यानं द्विविवाहाचा फौजदारी खटला उभा केला. एप्रिल १७७६ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उमरावांसमोर तो चालला, राणी शार्लट स्वतः बघायला आली होती. अमेरिकेत युद्ध पेटलं होतं आणि लंडन चर्चा करत होतं डचेसची.

तिचा बचाव एकच: चर्चच्या कोर्टाचा निकाल आहे, तो अंतिम माना. उत्तर मिळालं ते आजही शिकवलं जातं. फसवणुकीनं मिळवलेला निकाल त्या खटल्यात नसलेल्यांना बांधत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातलं कलम ४४ हेच सांगत होतं: निकाल लबाडीनं किंवा संगनमतानं मिळवला हे समोरच्याला दाखवता येतं. शिवाय तिच्या शस्त्रवैद्यानं विचारलं, रुग्णाची गुपितं मला सांगावी लागतील का? सांगावी लागतील, असं ठरलं. हा भागही वकिलांना पाठ असतो. आणि पाद्र्याची ती वही? ती तिच्याच विरुद्ध पुढे आली.

११९ उमरावांनी एकेक करून दोषी म्हटलं. फक्त न्यूकासलच्या ड्यूकनं ‘चुकून, हेतुपुरस्सर नव्हे’ अशी शेपटी जोडली. शिक्षा म्हणून हातावर डाग द्यायचा, पण उमराव घराण्यातल्या स्त्रीला तो देत नसत. इथे खरी मजा आहे. १७७५ मध्ये हर्वी अखेर अर्ल झालेला होता. म्हणजे ती डचेस नसेल तर हर्वीची बायको, म्हणजे काउंटेस. कसंही धरा, डाग चुकला. ती फ्रान्समधल्या कॅलेला पळाली, पुढे सेंट पीटर्सबर्गला जाऊन रशियाच्या कॅथरिन राणीला भेटली, आणि १७८८ मध्ये पॅरिसमध्ये वारली. ड्यूकची संपत्ती शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली, कारण मृत्युपत्र भाच्याला मोडता आलं नाही.

लेडी वर्स्लीचं प्रकरण याच्या नेमकं उलट. सीमोर फ्लेमिंग, मोठी वारसदार, १७७५ मध्ये सर रिचर्ड वर्स्लीची बायको झाली. आइल ऑफ वाइट बेटावरचा ॲपलडरकोम हा त्याचा वाडा. १७८१ च्या नोव्हेंबरमध्ये ती नवऱ्याचा मित्र कॅप्टन जॉर्ज बिसेट याच्याबरोबर पळाली आणि दोघं लंडनमध्ये पाल मॉलच्या एका हॉटेलात उतरली. सर रिचर्डनं बिसेटवर दावा लावला, मागणी २०,००० पौंड.

हा घटस्फोटाचा दावा नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, तिची नासाडी झाली म्हणून नासाडी करणाऱ्याकडून भरपाई, असा तो हिशेब. बायको त्यात पक्षकारसुद्धा नसे, तिची साक्ष कुणी घेत नसे. चडली निदान पिंजऱ्यात उभी राहून बोलली. वर्स्लीच्या खटल्यात तिला खुर्चीच नव्हती.

पण तिनं बोलण्याची दुसरी वाट काढली. बिसेटच्या बाजूनं तिचे जुने प्रियकर साक्षीला आले. आपली किंमत जितकी कमी ठरेल तितका बिसेट वाचेल, हे गणित तिनं स्वतःच्या अब्रूवर मांडलं. त्यात मेडस्टनच्या स्नानगृहाची गोष्ट निघाली. ती आत आंघोळ करत असताना सर रिचर्डनं बिसेटला खांद्यावर घेऊन खिडकीतून आत बघायला लावलं होतं आणि तिलाही हाक मारून सांगितलं होतं. झालं! न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डसमोर ज्यूरीनं निकाल दिला: दावा मंजूर, भरपाई एक शिलिंग. पौंडाचे वीस शिलिंग धरले तर चार लाखांत एक. व्यंगचित्रकार गिलरेनं त्या खिडकीचं चित्र काढून वर्स्ली या आडनावावर कोटीही करून टाकली.

हा झाला कानाडोळा. खरं तर इथे डोळा उघडाच होता. कोर्टाला कुणी फसवलं नाही, बिसेट आणि सर रिचर्ड कोर्टात खरेच एकमेकांविरुद्ध होते. पण ज्यानं स्वतः शिडी लावली, त्यानं चोरी झाली म्हणून रडायचं नाही. हा विचार आपल्याकडे दंड संहितेच्या कलम ४९७ मध्ये आला. ‘नवऱ्याच्या संमतीवाचून किंवा मूक संमतीवाचून’ असेल तरच परपुरुष गुन्हेगार. बायकोची संमती तिथेही कुणी विचारली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम २०१८ मध्ये रद्द केलं.

सर रिचर्ड हसं होऊन बसला, पण बायकोला त्यानं सोडलं नाही. पुन्हा लग्न करता येईल असा पूर्ण घटस्फोट त्यानं दिलाच नाही. लग्न होणार नाही हे दिसल्यावर बिसेट निघून गेला. दोषी ठरलेली चडली गडगंज राहिली आणि जिच्यावर आरोपच नव्हता ती देणेकऱ्यांना चुकवत फिरली, कारण तिचा पैसा नवऱ्याच्या हातात होता. पुढे १७८८ च्या करारानं तिला चार वर्षं फ्रान्समध्ये राहणं भाग पडलं, आणि तिथे मध्येच क्रांती झाली.

सर रिचर्ड १८०५ च्या ऑगस्टमध्ये वारला आणि तिची संपत्ती तिच्याकडे परत आली. १२ सप्टेंबरला, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिनं सव्वीस वर्षांच्या जॉन लुईस कुशेशी लग्न केलं. राजाच्या परवानगीनं तिनं फ्लेमिंग हे माहेरचं आडनाव पुन्हा घेतलं. नव्या नवऱ्यानंही तेच लावलं.