फोन आणायला बंदी की वापरायला बंदी?

नागपूरच्या आमच्या शाळेतली मागची पालकसभा दीड तास चालली आणि ठरलं काहीच नाही. एक बाबा उभे राहिले, "मॅडम, शाळेत मोबाइल पाहिजेच कशाले? बंद म्हणजे बंद!" मागून एक ताई तितक्याच तावातावानं उठल्या. "माही पोरगी शाळेतून तशीच ट्यूशनले जाते. मेट्रोनं वासुदेवनगरले येऊस्तोवर रात्रीचे आठ वाजते. तिच्याजवळ फोन नसन त मी कोणाले विचारू?"

दोघांचंही बरोबर होतं. बाबांना वर्गात फोन नको होता, ताईंना शाळा सुटल्यावर हवा होता. 'मोबाइलबंदी' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या नियमांना लावतो आणि मग भांडत बसतो.

आणायला बंदी म्हणजे दप्तरात फोन सापडला, की तोच गुन्हा. तो सुरू होता की बंद, कोणी विचारत नाही. वापरायला बंदी म्हणजे फोन शाळेत येऊ शकतो, पण शाळेच्या वेळात हातात येत नाही.

पहिला नियम लिहायला सोपा, पाळायला फार कठीण. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांमध्ये तो बरीच वर्षं होता. जिथे दारावर मेटल डिटेक्टर, तिथली मुलं हमखास पकडली जात. मग शाळांबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. रोज एक डॉलर द्यायचा, फोन गाडीत ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. अखेर 2015 मध्ये शहरानं ती बंदी उठवली. आपल्याकडे हीच सोय गेटसमोरचा झेरॉक्सवाला करतो, आणि फोन हरवला तर त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. 2025 च्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्क राज्यात पुन्हा बंदी आली आहे, पण ती वापराची. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन वापरायचा नाही. फोन ठेवायची सोय आणि पालकांना मुलाशी संपर्क साधायचा मार्ग मात्र शाळेनं द्यायचा.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही हाच फरक केला. सरसकट बंदी योग्य नाही आणि व्यवहार्यही नाही, फोन आणू द्या, पण वापरावर नियम घाला, असं न्यायालय म्हणालं. शक्य तिथे तो शाळेत जमा करून घ्यावा आणि वर्गात वापरू देऊ नये, असंही सांगितलं. नागपूर खंडपीठ मुंबई उच्च न्यायालयाचं, त्यामुळे हा निकाल आपल्या शाळांवर थेट बंधनकारक नाही. तरी मुख्याध्यापकांनी तो एकदा वाचावाच.

वापरबंदीतही एक मेख आहे: तासापुरती की दिवसभराची? फ्रान्समध्ये 2010 च्या कायद्यानं शिकवणं चालू असतानाच मनाई होती. 2018 मध्ये लहान मुलांपासून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी ती शाळेच्या अख्ख्या आवारात लागू झाली. तेवढ्यानंही भागेना, म्हणून 2024 मध्ये सुमारे दोनशे शाळांत फोन दारातच ठेवून घेण्याचा प्रयोग सुरू झाला. दप्तरातला बंद फोनही मुलांना बोलावत असतो, हे नववीला शिकवताना मी रोज पाहते. मधल्या सुट्टीत ग्रुपवर काही पेटलं, की पुढचा तास गेलाच. विचलित झालेलं लक्ष पूर्ववत व्हायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात, असं युनेस्कोच्या 2023 च्या अहवालात आहे. आमचा तास पस्तीस मिनिटांचा!

म्हणून माझं मत दिवसभराच्या वापरबंदीला आहे, फोन जमा करून. जमा करून, जप्त करून नव्हे. हा फरक मला फार उशिरा कळला. दोन वर्षांपूर्वी मी एका मुलाचा फोन जप्त करून ऑफिसात दिला आणि "पालकांना घेऊन ये" म्हणून बजावलं. चार दिवस कोणी आलं नाही. फोन मुलाचा नव्हताच, वडिलांचा होता. ते कॉटन मार्केटमधून भाजी आणून गाडीवर विकतात. गिऱ्हाइकानं ऑनलाइन दिलेले पैसे आले की नाही, हे चार दिवस त्यांना कळत नव्हतं. धंदा सोडून शाळेत येणंही जमत नव्हतं. पाचव्या दिवशी ते आले आणि मलाच हात जोडून "सॉरी मॅडम" म्हणाले. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता माझ्या वर्गात कपाटाच्या दाराला आतून निळ्या जाड कापडाचे खिसे टांगले आहेत. प्रत्येकावर मार्करनं रोल नंबर. प्रार्थनेआधी फोन बंद करून खिशात, मग कपाटाला कुलूप, शाळा सुटायच्या घंटेला परत. घरून निरोप असेल तर ऑफिसच्या फोनवर. एका मुलीच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे, त्याचे आकडे फोनवर येतात. तिचा फोन तिच्या बाकावरच राहतो, आणि तो का, हे तिच्या संमतीनं सगळ्या वर्गाला सांगितलं आहे.

पुढच्या सभेसाठी मी मुख्याध्यापकांना एक कागद दिलाय. 'मोबाइलबंदी हवी की नको' हा प्रश्न त्यात नाही. फोन आणू द्यायचा का? आणला तर कितीपासून कितीपर्यंत बंद? सकाळी मोजून कोण घेणार, हरवला तर भरून कोण देणार, आणि शिक्षक रजेवर असतील त्या दिवशी कपाटाची किल्ली कोणाकडे?