पार्श्वभूमी : टेस्लाचा शेअर, एआयची आशा आणि दोन अब्ज डॉलरचा प्रश्न

२८ जानेवारी २०२६ रोजी टेस्लाने २०२५ चे निकाल जाहीर केले. कंपनीच्या इतिहासात वार्षिक महसूल पहिल्यांदाच घटला होता, ९७.७ अब्ज डॉलरवरून ९४.८ अब्जांवर. नफा जवळपास निम्मा होऊन ३.८ अब्जांवर आला होता. भागधारकांना पाठवलेल्या त्याच पत्रात टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांच्याच एक्सएआय या खासगी एआय कंपनीत सुमारे २ अब्ज डॉलर गुंतवण्याचा करार झाल्याचा उल्लेख होता. निकालानंतरच्या चर्चेत मॉडेल एस आणि मॉडेल एक्सचे उत्पादन थांबवून फ्रीमाँट कारखान्यातली ती जागा ऑप्टिमस रोबोंना देणार असल्याचेही सांगण्यात आले. इतके होऊनही शेअरचा भाव नफ्याच्या तीनशे पटींहून वर होता. कोणत्याही मोटार कंपनीला बाजार असा भाव देत नाही. तो भाव एआयला दिलेला आहे. मग ते एआय नेमके कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न भागधारकाने विचारलाच पाहिजे, आणि गेली दोन वर्षे तो पुरेशा जोराने विचारला गेलेला नाही.

सुरुवातीची वर्षे थोडक्यात. जून २०१० मध्ये १७ डॉलरला आलेल्या या शेअरवर पहिली नऊ वर्षे वाद एकच होता : ही कंपनी तगेल की नाही. मॉडेल ३ चे उत्पादन रखडले तेव्हा पैसा संपत चालला होता आणि मंदीवाल्यांनी हा शेअर पडेल यावर प्रचंड पैज लावली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रमुखांनी ४२० डॉलरने कंपनी खासगी करण्याची भाषा केली, ती त्यांच्यावर उलटली, दंड झाला आणि अध्यक्षपद सोडावे लागले. स्वयंचलनाचे आश्वासन तोवर दिले गेलेच होते. ऑक्टोबर २०१६ पासून बनणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनाला पुरेल इतके हार्डवेअर आहे, असे कंपनी सांगत होती. २०१७ संपायच्या आत एक गाडी चाकाला हात न लावता अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला जाणार होती. ती गेली नाही. मात्र त्या काळात फारच थोड्या गुंतवणूकदारांनी हे आश्वासन भावात धरले होते.

ते हिशेबात शिरले २२ एप्रिल २०१९ रोजी. त्या दिवशी कंपनीने गुंतवणूकदारांना बोलावून स्वतःची चिप दाखवली, लिडारची (लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्रणेची) गरजच नसल्याचे ठासून सांगितले आणि पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील असा दावा केला. एक रोबोटॅक्सी वर्षाला ३० हजार डॉलरचा ढोबळ नफा देईल, असा तक्ता पडद्यावर होता. त्याच महिन्यात मॉडेल ३ भाडेकराराने देणे सुरू झाले, तेव्हा त्यात एक अट होती. करार संपल्यावर ग्राहकाला ती गाडी विकत घेता येणार नाही, कारण कंपनीला ती रोबोटॅक्सीच्या ताफ्यात हवी आहे. मला त्या दिवसाच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा ही अट जास्त बोलकी वाटते. विकलेली गाडी हा विषय तिथे संपला होता आणि गाडी ही पुढे कमाई करत राहणारी मालमत्ता झाली होती. दोनच आठवड्यांत कंपनीने बाजारातून नवे भांडवल उभे केले.

पुढची तीन वर्षे मात्र तेजीवाल्यांना एआयची गरजच पडली नाही. शांघायचा कारखाना वेगाने उभा राहिला, मॉडेल वाय आली, २०२० मध्ये पहिला वार्षिक नफा झाला आणि त्या डिसेंबरात शेअर एस अँड पी ५०० या अमेरिकी निर्देशांकात गेला. त्या पहिल्या नफ्याबद्दल एवढे सांगायला हवे की तो होता ७२ कोटी डॉलरचा आणि इतर कंपन्यांना प्रदूषणाची क्रेडिट विकून आलेले उत्पन्न होते जवळपास १५८ कोटींचे. म्हणजे क्रेडिट काढून टाकली असती तर ते वर्ष तोट्याचेच. पण गाड्यांची विक्री खरी होती. २०१९ मध्ये सुमारे पावणेचार लाख, २०२२ मध्ये १३ लाख. ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले ते या चढत्या आलेखाच्या जोरावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एआयचा एक खास दिवस साजरा झाला होता, रोबोचा पोशाख घातलेला माणूस मंचावर नाचला होता आणि डोजो नावाच्या महासंगणकाची चिप दाखवली होती. वाहन उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक विश्लेषकांनी तेव्हा ते बाजूला ठेवले.

२०२३ मध्ये चित्र पालटले. किमती वारंवार कमी कराव्या लागल्या, मार्जिन घसरले, चिनी कंपन्या अंगावर आल्या. ज्या वर्षी मोटार व्यवसाय थकल्याची पहिली चिन्हे दिसली त्याच वर्षी एआयचा भाव वधारला, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या गुंतवणूक बँकेने डोजोमुळे कंपनीचे मूल्य ५०० अब्ज डॉलरने वाढू शकते असा अहवाल काढला आणि त्या दिवशी शेअर सुमारे दहा टक्के वर गेला. (ऑगस्ट २०२५ मध्ये डोजोचा चमू बरखास्त झाला. पुढे जानेवारी २०२६ मध्ये तो प्रकल्प पुन्हा हाती घेतल्याचे सांगण्यात आले.) एप्रिल २०२४ मध्ये स्वस्त गाडीची योजना गुंडाळल्याची बातमी आली. प्रमुखांनी ती खोटी म्हटली आणि काही तासांतच रोबोटॅक्सीच्या अनावरणाची तारीख जाहीर केली. त्याच महिन्यातल्या निकालानंतर त्यांनी स्पष्ट सांगितले की टेस्ला स्वयंचलन साध्य करेल यावर ज्याचा विश्वास नाही, त्याने या कंपनीत गुंतवणूक करू नये. २०२४ साली गाड्यांची वार्षिक विक्री दशकाहून अधिक काळात पहिल्यांदा घसरली, १८.१ लाखांवरून १७.९ लाखांवर. डिसेंबरात मात्र अमेरिकी निवडणुकीनंतरच्या तेजीत शेअर विक्रमी पातळीवर होता.

आता मूळ वादाकडे.

एक्सएआयची घोषणा जुलै २०२३ मध्ये झाली. कंपनी प्रमुखांची स्वतःची, खासगी. टेस्लाच्या भागधारकांचा तिच्यात एक पैशाचाही वाटा नव्हता. १५ जानेवारी २०२४ रोजी प्रमुखांनी जाहीरपणे लिहिले की आपल्याकडे सुमारे २५ टक्के मताधिकार नसेल तर टेस्लाला एआय आणि रोबोटिक्समध्ये पुढे नेणे आपल्याला अवघड वाटते, त्यापेक्षा अशी उत्पादने टेस्लाबाहेर बनवणे आपण पसंत करू. तेजीवाल्यांनी याला वाटाघाटी म्हटले, मंदीवाल्यांनी धमकी. शब्द कोणताही वापरा, ज्या मालमत्तेसाठी बाजार शेकडो अब्ज डॉलर मोजत होता ती कुठे वाढवायची हे एक माणूस ठरवणार, हे त्या दिवशी लेखी आले.

जूनमध्ये पुढचा तपशील बाहेर आला. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या अंतर्गत पत्रव्यवहारानुसार टेस्लासाठी राखलेले १२ हजार एच१०० जीपीयू, म्हणजे एआयला लागणाऱ्या चिप, प्रमुखांच्या सांगण्यावरून एक्स या त्यांच्या समाजमाध्यम कंपनीकडे आधी पाठवले गेले होते. त्याच वसंतात भागधारकांना सांगितले गेले होते की टेस्लाकडच्या एच१०० चिपची संख्या वर्षअखेर ३५ हजारांवरून ८५ हजारांवर जाईल. प्रमुखांचे उत्तर असे होते की टेस्लाकडे तेव्हा त्या चिप चालू करायला जागाच नव्हती, त्या गोदामात पडून राहिल्या असत्या, आणि टेक्सास कारखान्याचा दक्षिणेकडचा विस्तार पूर्ण झाला की तिथे ५० हजार चिप बसतील. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे आहे. पण दोन कंपन्यांना एकाच वेळी एकच दुर्मीळ वस्तू हवी असताना वाटप करणारा माणूस दोन्हीकडे तोच असेल, तर त्या वाटपाची तपासणी संचालक मंडळाने करायला हवी. ती झाल्याचे भागधारकांना कधी दिसले नाही. त्याच महिन्यात काही भागधारक न्यायालयात गेले.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. समर्थकांचे म्हणणे असे की टेस्लाचे एआय कॅमेऱ्यातून जग पाहून गाडी आणि रोबो चालवते, एक्सएआयचे एआय भाषेत काम करते, आणि रोबोला दोन्ही लागणार. दोन्ही कंपन्यांत व्यवहार होतच होते. २०२४ मध्ये एक्सएआयने टेस्लाकडून जवळपास २० कोटी डॉलरची खरेदी केली, मुख्यतः मेगापॅक बॅटऱ्यांची. जुलै २०२५ पासून एक्सएआयचा ग्रोक हा चॅटबॉट टेस्लाच्या गाड्यांत येऊ लागला. मग टेस्लाचा त्यात हिस्सा असलेलाच बरा, असा हा युक्तिवाद. कित्येक छोट्या भागधारकांना तो मनापासून पटतो.

जुलै २०२५ मध्ये प्रमुख म्हणाले की आपल्या हातात असते तर टेस्लाने ही गुंतवणूक केव्हाच केली असती, पण भागधारकांचे मत घेतले जाईल. ६ नोव्हेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत ते घेतले गेले. त्या दिवशी सगळे लक्ष प्रमुखांच्या मोबदल्याकडे होते. तो सर्व टप्पे गाठल्यास एक लाख कोटी डॉलरच्या घरात जाईल, त्यात दहा लाख रोबो आणि दहा लाख रोबोटॅक्सी हे टप्पे आहेत, आणि तो ७५ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. एक्सएआयचा ठराव एका भागधारकाने मांडलेला होता, सल्लावजा, बंधनकारक नसलेला. संचालक मंडळाने त्यावर शिफारसच केली नाही. बाजूने सुमारे १०६ कोटी मते पडली, विरोधात ९१.६ कोटी, आणि ४७ कोटींहून अधिक तटस्थ राहिली. कंपनीच्या उपविधीनुसार तटस्थ मत विरोधातले धरले जाते. म्हणजे नियमाने ठराव फेटाळला गेला. कंपनीने मात्र बाजूची मते विरोधापेक्षा जास्त असल्याकडे बोट दाखवले आणि मंडळ पुढचे पाऊल ठरवेल असे सांगितले. सुमारे सव्वादोन महिन्यांनी, १६ जानेवारी २०२६ रोजी, करार झाला.

इथे २०१६ ची सोलरसिटी ही सौरऊर्जा कंपनी आठवते. तीही प्रमुखांच्या नात्यागोत्यातली, अडचणीत आलेली कंपनी. टेस्लाने ती २.६ अब्ज डॉलरला घेतली. पण तेव्हा हितसंबंध नसलेल्या भागधारकांचे मत आधी घेतले गेले आणि सुमारे ८५ टक्के मते बाजूने पडली. तरीही खटला झाला. इतर संचालकांच्या बाजूने ६ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने प्रक्रियेत दोष दाखवूनही किंमत रास्त ठरवली. निकाल प्रमुखांच्या बाजूने लागला, पण प्रश्न न्यायालयात तपासला तरी गेला. त्यानंतर कंपनीने नोंदणी डेलावेअरहून टेक्सासला हलवली आणि मे २०२५ मध्ये उपविधीत बदल केला : कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावायचा तर किमान ३ टक्के शेअर हातात हवेत. एक लाख कोटी डॉलरच्या कंपनीत ३ टक्के म्हणजे ३० अब्ज डॉलर. हा दरवाजा सामान्य भागधारकाला बंद झाला आहे. आपल्याकडच्या नियमांत मोठ्या संबंधित-पक्ष व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षाला मंजुरीच्या बाजूने मत देता येत नाही. दोन्ही बाजारांत पैसा असलेल्या माणसाला हा फरक माहीत असलेला बरा.

रोबोटॅक्सी अखेर २२ जून २०२५ रोजी ऑस्टिनमध्ये सुरू झाली. निवडक आमंत्रित प्रवासी, ४.२० डॉलर भाडे, मोजका भाग आणि चालकाशेजारच्या आसनावर कंपनीचा निरीक्षक. वेमो ही प्रतिस्पर्धी कंपनी फिनिक्समध्ये २०२० पासूनच सामान्य प्रवाशांना चालकाविना नेत होती. जानेवारी २०२५ मध्ये टेस्लाने हेही मान्य केले की गाडीत हार्डवेअर ३ हा जुना संगणक असलेल्या ज्या ग्राहकांनी एफएसडी, म्हणजे पूर्ण स्वयंचलनाचे सॉफ्टवेअर, विकत घेतले आहे, त्यांचा संगणक बदलून द्यावा लागेल.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले दालन १५ जुलै २०२५ रोजी उघडले, तेव्हा मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून होती आणि एफएसडीसाठी वेगळे ६ लाख रुपये मागितले जात होते, जरी ती सुविधा इथल्या रस्त्यांवर अजून मिळत नव्हती. गाडी घेणारे इथे मूठभर. पण नॅस्डॅक-१०० च्या फंडात एसआयपी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या हजारो घरांत टेस्लाचा शेअर २०१३ पासून निर्देशांकाच्या वाटेने आलेला आहे. थेट शेअर घेतलेल्याला निदान मतपत्रिका मिळते. फंडातून घेतलेल्याचे मत फंड चालवणारी संस्था देते, आणि तटस्थ राहायचे की विरोधात जायचे हेही तीच ठरवते.

२ फेब्रुवारी २०२६ रोजी, म्हणजे निकालाच्या पत्रानंतर पाचव्या दिवशी, एक्सएआय ही प्रमुखांच्याच रॉकेट कंपनीत, स्पेसएक्समध्ये, विलीन होत असल्याची घोषणा झाली. या विलीनीकरणावर टेस्लाच्या भागधारकांचे मत घेण्यात आले नाही.