गानितो कामी नोऑन, पाआनो कायो ङायोन?

एडी रोमेरो (१९२४–२०१३) यांनी दिग्दर्शित केलेला, १९७६ साली प्रदर्शित झालेला, फिलिपिन्समधील तगालोग भाषेतील ऐतिहासिक चित्रपट. ‘आम्ही तेव्हा असे होतो, तुम्ही आता कसे आहात?’ असा नावाचा अर्थ आहे. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्याप्रमाणेच तगालोगमध्येही ‘कामी’ व ‘तायो’ हा भेद असून, शीर्षकात जाणूनबुजून ‘कामी’ म्हणजे ‘आम्ही’ योजले आहे. पडद्यावरचे लोक प्रेक्षकाला आपल्यात धरत नाहीत, समोर उभे करून विचारतात. इंग्रजी अनुवादात हा भेद हरवतो. मराठी वाचकाला तो सांगावाही लागत नाही.

कथानक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्पॅनिश सत्ता मावळून अमेरिकी सत्ता येण्याच्या काळात घडते. कुलास (ख्रिस्तोफर दे लिऑन) हा भोळा, अशिक्षित खेडूत तरुण आईच्या निधनानंतर घर सोडून वाटेला लागतो. बिंदॉय नावाचा मुलगा, लिम हा चिनी व्यापारी, फिरत्या नाटकमंडळीतील दिदिंग, धर्मगुरू, वकील अशी माणसे त्याला भेटत जातात. दिदिंगची भूमिका १९६९ साली विश्वसुंदरी ठरलेल्या ग्लोरिया दियाझ यांनी केली आहे. रोमेरो व रॉय इग्लेसियास यांच्या पटकथेत लढाया आणि नेत्यांची भाषणे मागे ठेवली आहेत. इतिहास कुलासच्या आसपासून जातो आणि बहुतेक वेळा त्याला तो कळतही नाही. विनोदाचा मोठा भाग यातूनच येतो.

चित्रपटाचा गाभा मात्र ‘फिलिपिनो’ या एका शब्दात आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून द्वीपसमूहाला फिलिपिन्स हे नाव मिळाले, पण तेथील रहिवाशांना ते लागू नव्हते. स्पेनमध्ये जन्मलेला तो ‘पेनिन्सुलार’, द्वीपांवर जन्मलेला स्पॅनिश वंशाचा तो ‘फिलिपिनो’ किंवा ‘इन्सुलार’, मिश्र रक्ताचा ‘मेस्तिसो’, चिनी तो ‘सांग्लेय’ आणि मूळ रहिवासी केवळ ‘इंदियो’, अशी ही उतरंड होती. १८७२ साली गोमेस, बुर्गोस व सामोरा या तीन धर्मगुरूंना देहदंड झाल्यानंतर, आणि पुढे लेखक होसे रिसाल यांच्या पिढीतील सुशिक्षितांच्या लेखनातून, हा शब्द हळूहळू सर्व देशवासीयांसाठी वापरला जाऊ लागला. १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले खरे, परंतु त्याच वर्षी १० डिसेंबरच्या पॅरिस तहाने स्पेनने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात ही द्वीपे अमेरिकेला दिली, आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये फिलिपिनो व अमेरिकी सैन्यांत नवे युद्ध पेटले. शब्दाचा अर्थ असा बदलत असताना कुलाससारख्या माणसाला आपण नेमके कोण, हे इतरांना विचारत फिरावे लागते. लिमसारखी परकी समजली जाणारी माणसे कथेत महत्त्वाच्या जागी असल्याने वंश हा या प्रश्नाच्या उत्तराचा आधार राहत नाही.

चित्रपट निघाला तेव्हा फिलिपिन्समध्ये १९७२ पासून राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांचा लष्करी कायदा लागू होता आणि राष्ट्रीय अस्मितेची घोषणा सरकारच करीत होते. त्या वातावरणात नायक म्हणून वीरपुरुष न घेता, गोंधळलेला आणि वारंवार फसणारा माणूस घेणे ही रोमेरो यांची निवड लक्षणीय ठरते. विशेष म्हणजे त्याआधी ते प्रामुख्याने अमेरिकी बाजारासाठी कमी खर्चाचे भयपट काढणारे दिग्दर्शक म्हणून ओळखले जात.

१९७६ च्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन यांसह अनेक पुरस्कार या चित्रपटास मिळाले, तर समीक्षकांच्या गावाद उरियान पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी (१९७७) तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. रोमेरो यांना २००३ साली ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब देण्यात आला. पुढे एबीएस-सीबीएन या फिलिपिनो माध्यम कंपनीच्या जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धार उपक्रमात चित्रपटाची डिजिटल प्रत तयार झाली.