कुष्ठरोग आणि त्वचेचे निरनिराळे भाग

कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होणारा, मुख्यतः त्वचेचा आणि हातापायांकडे व चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसांचा (म्हणजे मज्जातंतूंचा, रक्तवाहिन्यांचा नव्हे) दीर्घकालीन आजार आहे. नॉर्वेतील गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जिवाणू शोधला. तो अत्यंत सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याला गारवा मानवतो, साधारण २७ ते ३३ अंश सेल्सियस. शरीराच्या आत ३७ अंशांची ऊब असते, त्यामुळे तो त्वचेच्या थंड भागांत मुक्काम ठोकतो. अंगावर चट्टे कुठे उठतात याचा बराचसा उलगडा एवढ्यानेच होतो.

कानाच्या पाळ्या, नाक, गाल, कपाळ, कोपर, गुडघे, हातापायांच्या बाहेरच्या बाजू आणि नितंब ही या आजाराची नेहमीची ठिकाणे. कानाची पाळी तर इतकी ठरलेली, की जिवाणू तपासण्यासाठी त्वचेला बारीक छेद देऊन द्राव घ्यायचा असतो तेव्हा बहुधा तिथलाच घेतात. याउलट केसांखालची टाळू, काखा, जांघा आणि पाठीच्या कण्यालगतचा पट्टा हे उबदार भाग सहसा सुटतात. सहसा एवढेच, तिथे चट्टा दिसला म्हणून कुष्ठरोग नाहीच, असे म्हणता येत नाही. भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जातात, पण डोक्यावरचे केस बहुधा शाबूत राहतात.

चट्ट्याचे रूप मात्र जागेपेक्षा रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर ठरते. ती चांगली असेल तर एक-दोनच चट्टे येतात. त्यांची कड उठावदार व स्पष्ट असते, मधली त्वचा फिकट, कोरडी. तिथे घाम येत नाही, लव झडते आणि स्पर्श कळत नाही. प्रतिकारशक्ती कमी पडली तर असंख्य अस्पष्ट डाग शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखेच उमटतात. त्वचा तेलकट चमकते, पाळ्या जाड होतात, चेहऱ्यावर गाठी येतात. अशा वेळी सुरुवातीला बधिरपणा नसूही शकतो, आणि नेमके इथेच निदान हुकते. उपचारांसाठी पाचपर्यंत चट्टे असल्यास अल्पजीवाणू आणि त्याहून जास्त असल्यास बहुजीवाणू असे गट करतात. नस बाधित असेल किंवा द्रावात जिवाणू सापडले, तर चट्टे कमी असूनही रुग्ण दुसऱ्या गटात धरला जातो.

बधिरपणा तपासण्याची रीत साधी आहे. रुग्णाला आधी सगळे समजावून डोळे मिटायला सांगतात, कापसाच्या टोकाने त्वचेला हलकेच टेकवतात आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगतात. चांगल्या त्वचेवर बोट अचूक पडते. चट्ट्यावर टेकवल्यावर हात जागचा हलतच नाही. चेहऱ्याच्या चट्ट्यांवर मात्र ही खूण दगा देते, कारण तिथे संवेदना वाहणाऱ्या नसांचे जाळे दाट असते आणि स्पर्श बरेच दिवस कळत राहतो. तपासणी भरपूर दिवसाउजेडात आणि संपूर्ण अंगाची व्हायला हवी. लाजेखातर नितंब किंवा मांड्या पाहायच्या राहिल्या, तर एकुलता एक चट्टा तिथेच दडून राहू शकतो.

तळहात आणि तळपायांवर चट्टे त्या मानाने कमी दिसतात, पण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि घोट्यामागची नस त्वचेच्या अगदी जवळून, म्हणजे गारव्यातून जाते. ती सुजली की पुढचा हात किंवा पाऊल बधिर होते, घाम थांबतो, त्वचा कोरडी पडून तिला भेगा जातात. चटका किंवा टोचलेला खिळा कळत नाही आणि जखम चिघळत जाते. बोटे झडतात ती या न कळलेल्या जखमांमुळे आणि त्यांत होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे; जिवाणू बोटे खात नाही. जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजले किंवा नस दुखू लागली, तर ती जिवाणूंविरुद्ध उसळलेल्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर तातडीने उपचार लागतात, नाहीतर नस कायमची निकामी होऊ शकते.

रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांचा एकत्रित उपचार अल्पजीवाणू गटाला ६ आणि बहुजीवाणू गटाला १२ महिने देतात. आजार पूर्ण बरा होतो, तरी चट्ट्याचा रंग मागे रेंगाळू शकतो आणि गेलेली संवेदना नेहमीच परतत नाही. क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळपट-तांबूस होते, चट्ट्यांवर हा रंग अधिकच गडद दिसतो; औषध थांबल्यावर तो हळूहळू उतरतो.