हेल्स कॅन्यनमधील चकोर-शिकार

अमेरिकेच्या वायव्य भागात आयडाहो व ऑरेगन या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्नेक नदीच्या खोल दरीत, वाटाड्या आणि शिकारी कुत्री बरोबर घेऊन केली जाणारी पक्ष्यांची शिकार. मुख्य सावज चकोर (अलेक्टोरिस चुकर). त्याच्या जोडीला राखी तितर आणि नदीकाठच्या झुडपांत कॅलिफोर्निया लावा मिळतो. वरच्या जंगलपट्ट्यात ग्राउज हे कोंबडीवर्गातील रानपक्षी मिळतात. राखी तितराला तिकडचे शिकारी ‘हन’ म्हणतात. डोंगरी लावा हा या भागाचा मूळ रहिवासी, पण त्याची संख्या घटल्यामुळे आयडाहोत त्याच्या शिकारीस बंदी आहे. चकोर मात्र आशियातून आणून सोडलेला पक्षी आहे. आयडाहोत त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम १९५३ मध्ये आणि ऑरेगनमध्ये १९५६ मध्ये उघडला. या दरीतील रेड इंडियन किंवा सोनेशोधकांच्या काळाशी या शिकारीचा संबंध जोडणारी प्रवासी जाहिरातबाजी त्यामुळे बाजूला ठेवावी लागते.

भूप्रदेश : पूर्वेकडील सेव्हन डेव्हिल्स पर्वतातील ‘ही डेव्हिल’ शिखरापासून नदीच्या पात्रापर्यंतची खोली २,४३६ मी. भरते. या मापाने ही उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल नदीदरी असून ग्रँड कॅन्यनहूनही ती खोल आहे. ग्रँड कॅन्यनसारख्या उभ्या भिंती मात्र येथे थोड्याच ठिकाणी आहेत. बराचसा भाग बेसॉल्टच्या थरांचा आहे. हे थर सुमारे १.७ ते १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे असून आपल्या दख्खनच्या कातळापेक्षा वयाने बरेच लहान आहेत. घडण मात्र त्याच जातीची. कडा, त्याखाली दगडांचा घसरडा खच, मग गवताचा उतार, पुन्हा कडा, अशी पायऱ्यांची रचना नदीपर्यंत उतरत जाते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणाकडे पाहिलेल्या वाचकाला ती चटकन ओळखू येईल. फक्त येथे पाऊस फार थोडा आणि खालच्या उतारांवर झाडे जवळजवळ नाहीत.

दरी कोरली गेली तो काळ वादाचा आहे. जुन्या मांडणीप्रमाणे आयडाहोच्या पश्चिम भागात एक मोठे सरोवर होते. त्याचे पाणी उत्तरेकडे फुटून कोलंबिया नदीच्या खोऱ्यास मिळाले आणि त्या प्रवाहाने दरी कापली. हे केव्हा घडले याविषयी वीस ते साठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचे अंदाज आढळतात. अलीकडील कालमापनाचा कल सुमारे वीस लाख वर्षांकडे आहे आणि सध्या तोच अधिक ग्राह्य वाटतो. शिकारीच्या दृष्टीने या वादाला महत्त्व एवढेच, की दरी भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण असल्याने तिचे उतार अजून मुरलेले नाहीत. दगड पायाखाली सरकतो. या शिकारीतल्या दुखापतींत घोटे आणि गुडघेच पुढे असतात.

नदीवर ब्राउनली, ऑक्सबो आणि हेल्स कॅन्यन ही तीन धरणे १९५८ ते १९६७ या काळात उभी राहिली. त्यांच्या खाली आणखी धरणे बांधण्याचे प्रस्ताव होते. दीर्घ वादानंतर १९७५ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) कायदा करून हेल्स कॅन्यन राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र घोषित केले आणि शेवटच्या धरणाखालील प्रवाहास संरक्षण दिले. शिकार व मासेमारी चालू राहील अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. आजच्या सफरी मुख्यतः या संरक्षित पट्ट्यात आणि त्याच्या खालच्या अंगास लुइस्टन, असोटिन या गावांपर्यंत चालतात.

चकोराचे मूळ : या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न हाच. उपलब्ध नोंदींप्रमाणे अमेरिकेत चकोर प्रथम १८९३ मध्ये आले. इलिनॉय राज्यातील डब्ल्यू. ओ. ब्लेझडेल यांनी कराचीहून पाच जोड्या आणविल्या. ‘कराचीहून’ या शब्दावर पुढील अनेक संकलने थांबतात आणि अमेरिकन चकोर भारतीय वंशाचा असे सांगून मोकळी होतात. पण कराची हे बंदर आहे, चकोराचे निवासस्थान नव्हे. त्या बंदरातून बाहेर पडणारे पक्षी बलुचिस्तान व किरथरच्या डोंगरांतले असू शकतात, तसेच पंजाब वा काश्मीरच्या बाजूने रेल्वेने आणलेलेही असू शकतात. या दोन प्रदेशांत चकोराच्या वेगवेगळ्या उपजाती मानल्या जातात. पूर्व इराण ते पाकिस्तान या भागातील उपजात फिकट असून तिला कोरोव्हियाकोव्ही म्हणतात. पूर्व अफगाणिस्तानापासून नेपाळपर्यंतची नामधारक उपजात चुकर अधिक गडद असते. पहिल्या पाच जोड्या यांपैकी कोणत्या, हे बंदराच्या नावावरून ठरत नाही.

शिवाय ब्लेझडेल यांच्या पक्ष्यांना आजच्या रानातील थव्यांचे पूर्वज मानणेही अवघड आहे. सरकारी पातळीवर मोठ्या संख्येने पक्षी वाढवून सोडण्याचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले आणि ते पुढे तीसेक वर्षे चालले. बहुसंख्य राज्यांनी हा प्रयोग केला. पूर्वेकडील ओलसर राज्यांत सोडलेले पक्षी टिकले नाहीत. नेव्हाडा, आयडाहो, ऑरेगन, वॉशिंग्टन, युटा, कॅलिफोर्निया अशा कोरड्या, खडकाळ प्रदेशांत मात्र त्यांनी मूळ धरले. नेव्हाडाने १९४७ मध्ये देशातील पहिला शिकारहंगाम उघडला. दरम्यान १९४८ मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने परदेशी शिकारपक्ष्यांचा शोध घेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. गार्डिनर बम्प यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या कार्यक्रमातून तुर्कस्तानकडील चकोरही काही राज्यांत पोचले. बम्प पुढे भारतातही काम करीत होते. रानकोंबडे व काळे तितर यांची पाठवणी त्याच काळातली.

म्हणून आजचे थवे एका वंशाचे मानण्याऐवजी मिश्र मानावेत आणि त्यांत हिमालयाच्या बाजूचा अंश मोठा आहे असे म्हणावे, हे मत अधिक सुरक्षित दिसते. पाळीव पैदाशीत लाल पायांच्या युरोपीय तितराशी संकर होत असल्याने या चित्रात आणखी गढूळपणा येतो. शिकारक्लबांच्या आवारात सोडलेले पक्षी आणि कड्यांवर पिढ्यानपिढ्या वाढलेले पक्षी यांत म्हणूनच फरक करावा लागतो.

जुने संदर्भ चाळणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. १९६० पूर्वीच्या अमेरिकन अहवालांत हा पक्षी बहुधा अलेक्टोरिस ग्रीका या नावाने येतो. ग्रीका म्हणजे बाल्कन, इटली व आल्प्समधील खडकतितर. दोन्ही एकाच जातीत धरण्याची तेव्हा रीत होती. जी. ई. वॉटसन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे पक्षी जेथे एकत्र राहतात तेथेही वेगळे राहतात असे दाखविल्यानंतर चुकर ही स्वतंत्र जात सर्वमान्य झाली. तेव्हा एखाद्या जुन्या अहवालात ‘ग्रीका सोडले’ असे दिसले, तर ग्रीसचे पक्षी आणले असा अर्थ घेऊ नये.

अधिवास व आहार : चकोर या दरीत रुजला तो केवळ खडकामुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरेशियातून धान्याच्या बियाण्यात मिसळून आलेले चीटग्रास हे गवत पश्चिम अमेरिकेत पसरले. गुरामेंढ्यांच्या अतिचराईने उघड्या पडलेल्या उतारांवर त्याला आयतीच जागा मिळाली. हे गवत गुराख्यांच्या आणि वनखात्याच्या डोळ्यांत खुपते, कारण ते लवकर वाळते आणि वणव्यांना खाद्य पुरवते. चकोराचे मात्र ते मुख्य अन्न आहे : उन्हाळ्यात व शरदात बी, पहिल्या पावसानंतर कोवळे कोंब. मारलेल्या पक्ष्याचा अन्नपुट चिरून पाहण्याची वाटाड्यांना सवय असते. आत सुके बी निघाले तर थवे अजून पाण्याच्या जवळपास. हिरवी पाती भरलेली असली तर ते वर पांगले, असे समजतात आणि दुपारची वाट त्याप्रमाणे बदलतात. हिरव्या पाल्यात ओलावा मिळाला की पक्ष्याला रोज नदीवर उतरण्याची गरज उरत नाही.

बर्फ पडल्यावर थवे दक्षिणाभिमुख उतारांवर येतात, कारण तेथील बर्फ आधी वितळते. कडक हिवाळ्यात मर मोठी होते. चांगल्या वसंतात भरपाईही तशीच. मादी एका वेळी साधारण १० ते १५ अंडी घालते. ब्राउनली जलाशयाच्या परिसरात हेलिकॉप्टरमधून थवे मोजण्याची पद्धत आयडाहोत दीर्घकाळ वापरली गेली आणि हंगामाचे भाकीत त्यावर बांधले जाई.

सफरीची पद्धत : दरीच्या मधल्या भागात गाडीरस्ता जवळजवळ नाही. पिट्सबर्ग लँडिंगसारख्या मोजक्या ठिकाणी कच्चा रस्ता पात्रापर्यंत उतरतो. एरवी सगळी ये-जा नदीने. खालच्या बाजूने जेटबोटी प्रवाहाविरुद्ध वर येतात, धरणाच्या पायथ्यापासून रबरी तराफे खाली जातात. मुक्काम नदीकाठच्या गाळपट्ट्यांवरील तंबूंत किंवा जुन्या मेंढपाळी वाड्यांच्या जागी उभारलेल्या निवासांत असतो. शरदात नदीत स्टीलहेड मासा वर चढत असतो, त्यामुळे सकाळी गळ आणि उन्हे वर आल्यावर बंदूक, अशी जोडसफर येथे विशेष चालते.

सकाळी बोट काठाकाठाने हळू चालवून वाटाड्या कान देतो. चकोर पहाटे व संध्याकाळी कड्यावरून ‘चक्-चक्-चक्’ असा साद घालतात. पांगलेला थवा गोळा होतानाही हीच साद असते. जागा हेरली की दोन-तीन शिकारी व कुत्री काठावर उतरवून बोट खाली नेऊन ठेवतात. चढ टाळता येत नाही. चकोर धोका दिसला की उडण्याआधी चढावर धावतो आणि उडाला की उतारावर झेपावतो. खालून पाठलाग करणारा माणूस दोन्ही वेळा हरतो. म्हणून वाटाडे शिकाऱ्यांना आधी थव्याच्या वर नेतात आणि मग समान उंचीवरून आडवे चालवतात, एक वर, दुसरा तीस-चाळीस पावले खाली.

कुत्री सावज हेरून थबकणाऱ्या (पॉइंटिंग) जातींची लागतात : इंग्लिश पॉइंटर, जर्मन शॉर्टहेअर, ब्रिटनी, सेटर. वास लागताच कुत्रा एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजतो. तो कड्यापलीकडे शंभर-दोनशे मीटरवर असू शकतो, म्हणून गळपट्ट्यातील जीपीएसवर तो थांबल्याची सूचना मिळते. शिकारी धापा टाकत तेथवर पोचेपर्यंत थवा थांबेल, याची हमी नसते. उठला तर दहा-पंधरा पक्षी एकदम, पंखांचा फडफडाट करीत, कड्याखाली कलंडतात. नेम पक्ष्याच्या पुढे धरण्याची सवय असलेल्यांचा बार येथे वरून जातो, कारण पक्षी खाली जात असतो. लागलेला पक्षीही खाली साठ-सत्तर मीटरवर पडतो आणि त्याला आणायला कुत्र्यालाच जावे लागते. बेसॉल्टच्या धारांनी कुत्र्यांचे तळवे सोलवटतात. रबरी बूट, तळव्यांचे मलम आणि पाण्याची वेगळी बाटली हे सामान वाटाड्याच्या पाठीवर असतेच. सप्टेंबरच्या उष्ण दिवसांत खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) आणि काठावरील विषवेल यांचीही धास्ती असते. ‘पहिल्यांदा हौस म्हणून, पुढे सूड म्हणून’ ही चकोर-शिकारीविषयीची उक्ती तिकडे सर्वतोमुखी आहे आणि ती अतिशयोक्त वाटत नाही.

बंदूक हलकी दुनळी, बहुधा २० किंवा १२ बोअरची. छरे मध्यम. याबाबत शिकाऱ्यांत जितके वाद होतात तितका फरक प्रत्यक्षात पडत नाही.

नियमन : आयडाहोत शिकारसफरी भरविणाऱ्यास व वाटाड्यास राज्य मंडळाचा परवाना लागतो, ऑरेगनमध्ये वाटाड्यांची नोंदणी राज्याच्या नौकामंडळाकडे होते. राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात धंदा करण्यास वनसेवेचा वेगळा परवाना आवश्यक असतो आणि असे परवाने मर्यादित असल्याने सफरींची संख्याही आपोआप मर्यादित राहते. नदी हीच राज्यसीमा असल्याने दोन्ही काठांवर उतरणाऱ्या शिकाऱ्यास दोन्ही राज्यांचे शिकार-परवाने काढावे लागतात. आयडाहोत हंगाम साधारण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत असतो. चकोराची दैनंदिन मर्यादा दोन्ही राज्यांत आठ पक्षी अशी राहिली आहे. ऑरेगनमध्ये ती राखी तितरासह मोजतात. चढ पाहता ही मर्यादा गाठणारे थोडेच.

ही दरी म्हणजे निमिइपू (नेझ पर्स) या मूळनिवासी जमातीची पिढीजात भूमी. १८७७ मध्ये चीफ जोसेफ यांच्या लोकांनी पुराच्या पाण्यात गुराढोरांसह डग बार येथे नदी ओलांडली, ती जागा सफरीतील बोटी हमखास दाखवतात. डीप क्रीकच्या मुखाशी १८८७ मध्ये चिनी सोनेशोधकांची कत्तल झाली, त्या जागेविषयी मात्र दीर्घकाळ मौन पाळले गेले. मृतांचा आकडा ३४ पर्यंत दिला जातो.

भारतातील स्थिती : मराठी वाचकाला चकोर ओळखीचा आहे तो चांदणे पिणारा कविसंकेत म्हणून, ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चंद्रकलेतील अमृतकण वेचणारी चकोराची पिल्ले येतात. महाराष्ट्रात हा पक्षी रानात आढळत नाही. भारतात त्याचा वावर लडाख, काश्मीर, हिमाचल व उत्तराखंडच्या उघड्या डोंगरउतारांवर असून पाकिस्तानचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. काव्यातील चकोर व अलेक्टोरिस एकच का, याविषयी मतभेद आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष जवळ असता चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो असे म्हटले आहे. त्यावरून पाळलेल्या, जवळून पाहिलेल्या पक्ष्याचाच हा उल्लेख असावा असे दिसते आणि चकोराला पिंजऱ्यात पाळण्याची उत्तरेकडील जुनी रीत त्याला पूरक आहे. ब्रिटिश अमदानीत हिमालयाच्या पायथ्याशी साहेबलोक याची शिकार करीत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने भारतातील हौशी शिकार संपुष्टात आली, त्यामुळे हेल्स कॅन्यनसारख्या सफरी येथे कायदेशीररीत्या होऊ शकत नाहीत.